फार्महाऊसचा पूल ताकासारखा झालाय, पाणी काढून टाकू का?

माळावरचा_वाडा
मंडळी, तातडीने सल्ला हवाय. कर्जतजवळ आमचं छोटं फार्महाऊस आहे. मागच्या अंगणात पूल आहे, २४ फूट बाय १२ फूट, उथळ बाजूला साडेतीन आणि खोल बाजूला पाच फूट. धुळवडीला भाचेकंपनी आली होती. "आधी नळावर अंग धुवा, मग उतरा" असं चारदा सांगितलं, पण ऐकतंय कोण! संध्याकाळी पाणी गुलाबी. आमच्या केअरटेकर काकांनी ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर आणून तीन-चार किलो ओतली. गुलाबी गेलं, पण सकाळी बघतो तर ताक. मग तुरटी फिरवली, काही फरक नाही. आज पाचवा दिवस. पंप रोज आठ तास चालू आहे आणि दुसऱ्या पायरीखालचं काही दिसत नाही. पाणी बोअरचं आहे.

पूल बांधून देणाऱ्याचा माणूस फोनवर म्हणतो, सगळं पाणी सोडून द्या आणि टँकर मागवा. त्याच्या हिशेबाने ५० हजार लिटर. मार्चमध्ये एवढं पाणी ओढ्यात सोडायला मन होत नाही. पाडव्याला सासरची मंडळी यायची आहेत.

टवाळ_टिटवी
धुळवडीला रंग आणि पाडव्याला ताक. श्रीखंडाची तेवढी सोय बघा.

(सॉरी. जाणकार येतीलच.)

वाळवंटी_वऱ्हाडी
पाणी सोडू नका ना भाऊ! मी फिनिक्सला राहतो. इथलं नळाचं पाणीही तुमच्या बोअरसारखंच जड, आणि अंगणातल्या पुलाशी माझी दहा वर्षं झटापट चालू आहे.

आधी हिशेब. २४ × १२ × सरासरी सव्वाचार फूट म्हणजे १२२४ घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर. तुमचा पूल ३५ हजार लिटरचा आहे, ५० चा नाही. ५० च्या मापाने औषधं टाकाल तर प्रत्येक डोस दीडपट जाईल.

दुसरं, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. तिच्यात क्लोरीन जेमतेम ३०-३५ टक्के, बाकी बराचसा चुना. विहिरीत तो तळाशी बसतो, पुलात पंप त्याला बसू देत नाही. वर पाणी जड आणि ऊन कडक. माझा संशय शेवाळावर नाही, चुन्यावर आहे.

खात्री करून घ्या. काचेच्या ग्लासात पुलाचं पाणी घ्या, त्यात अ‍ॅसिडचे (हार्डवेअरवाल्याकडचं हायड्रोक्लोरिक) चार थेंब टाका आणि ढवळा. लगेच निवळलं तर चुना. गढूळच राहिलं तर मेलेलं शेवाळ, माती, अंगाचं तेल, असलं काहीतरी. हातमोजे आणि चष्मा घालूनच करा. पीएच, अल्कलिनिटी (पाण्याची अ‍ॅसिड पचवायची ताकद), हार्डनेस (जडपणा) आणि क्लोरीनचे आकडेही इथे टाका. त्याच्याआधी पुलात चिमूटभरही काही टाकू नका.

बटव्यातली_आजी
तुरटीला नावं ठेवू नका हो. आमच्या गावी पावसाळ्यात नदीचं गढूळ पाणी दोन पिढ्या तुरटीवरच प्यायलो. हंड्यात चार वेळा फिरवली की सकाळी नितळ.

पंपवाला_पुणे
आजी, हंडा आणि पूल यांत फरक आहे. हंड्यात पाणी स्थिर असतं. इथे यांनी तुरटी टाकून पंप चालूच ठेवला, म्हणजे गाळ बसण्याआधीच घुसळला. शिवाय पीएच ८ च्या वर गेला की तुरटीचा गोळा नीट धरत नाही, उलट तिचाच धूसरपणा वाढतो. तुरटी वाईट नाही, तिची वेळ चुकली.

वाडावाले, फिल्टरचं बोला. वाळूचा फिल्टर असेल ना? गेजवर प्रेशर किती? वाळू कधी बदलली? आणि काका बॅकवॉश (उलटं पाणी सोडून वाळू धुणं) करताना पंप बंद करून व्हॉल्व्हचं हँडल फिरवतात की चालू पंपावरच?

माळावरचा_वाडा
ग्लासाचा प्रयोग केला. अक्षरशः जादू! तिसऱ्या थेंबाला धुकं उठावं तसं पाणी आरपार झालं आणि तळाशी गुलालाचे दोन कण राहिले. काका तर म्हणाले, मग ओता की अख्खा कॅन! थांबवलं त्यांना.

आकडे: पीएच ८.२ (पट्टीचा रंग तिथेच संपतो), अल्कलिनिटी १८०, हार्डनेस ४०० च्या पुढे. क्लोरीन सकाळी ०.५, दुपारी शून्य. स्टॅबिलायझरची (क्लोरीनला उन्हापासून वाचवतो तो) पट्टी कोरीच.

प्रेशर २२ पीएसआय. बॅकवॉश केल्यावर १२ वर आलं. हँडल... चालू पंपावरच फिरवतात. त्यात काय बिघडतं?

पंपवाला_पुणे
आतलं रबराचं गॅसकेट फाटतं. मग काही पाणी वाळूतून न जाता तसंच परत पुलात येतं आणि तुम्ही आठ-आठ तास लाइट जाळून तेच पाणी फिरवत बसता. बॅकवॉश करत नसताना वेस्टच्या (घाण पाणी बाहेर टाकणाऱ्या) पाइपातून पाणी ठिबकतंय का बघा. ठिबकत असेल तर गॅसकेट गेलं. आणि १२ हा तुमचा स्वच्छ फिल्टरचा आकडा. तिथून ८-१० पीएसआय चढला की बॅकवॉश, आणि त्यानंतर मिनिटभर रिन्स. रिन्स विसरलात तर वाळूतली घाण परत पुलात.

वाळवंटी_वऱ्हाडी
निदान झालं. आता क्रम चुकवू नका.

आधी पीएच. ८.२ ला क्लोरीन टाकणं म्हणजे पैसे बुडवणं, कारण त्यातला जेमतेम पाचवा भाग काम करतो, तोही तुमच्या पुलात दुपारपर्यंत ऊन खाऊन टाकतं. अ‍ॅसिड एकदम नाही. ४०० मिली घ्या, प्लास्टिकच्या बादलीभर पाण्यात सोडा (अ‍ॅसिड पाण्यात, उलटं कधीच नाही) आणि पंप चालू ठेवून खोल बाजूला कडेकडेने ओता. चार तासांनी पीएच बघा, मग पुढचे ४००. ७.४ ते ७.६ च्या मध्ये आलात की थांबा. तरंगता चुना विरघळताना अ‍ॅसिड खातो, त्यामुळे पहिल्या डोसाला आकडा हलला नाही तर घाबरू नका.

अल्कलिनिटी ८० ते १२० हवी. तुमची हळूहळू उतरेल, मागे लागू नका. हार्डनेस कमी करायचं औषध नाही, पाणी बदलूनच उतरते. म्हणून पीएच खाली राखायचा, म्हणजे चुना बाहेर पडत नाही.

मग सूर्य मावळल्यावर क्लोरीन. १० टक्क्यांचं लिक्विड हायपो (पातळ क्लोरीन) तुमच्या पुलात ३५० मिली टाकलं की क्लोरीन १ पीपीएम (दहा लाखात एक भाग) वाढतं. रंग, घाम, तेल जाळायला एका रात्री साडेतीन लिटर टाका. कॅन ताजा बघून घ्या, उन्हात ठेवलेल्या हायपोचा जोर उतरतो.

दुपारी क्लोरीन शून्य का, तर पाण्यात स्टॅबिलायझरच नाही. तो ३० ते ५० पीपीएम लागतो. सोपा मार्ग: फ्लोटरमध्ये (तरंगत्या डबीत) क्लोरीनच्या टीसीसीए गोळ्या ठेवा. त्यांतून क्लोरीनसोबत स्टॅबिलायझरही जातो. सगळ्या मिळून दोन किलो विरघळल्या की तुमच्या पुलात ३० च्या आसपास येईल. मग गोळ्या बंद आणि रोज हायपो. बंद करायला विसरलात तर वर्षभरात स्टॅबिलायझर इतका साचतो की क्लोरीन बांधलं जातं, आणि तेव्हा मात्र खरंच पाणी सोडावं लागतं.

रसायनवाली_बाई
एक राहिलं. तुमच्या पंपघरात अ‍ॅसिड, टीसीएल आणि आता गोळ्या एकाच फळीवर असणार. आजच वेगळं करा. अ‍ॅसिड आणि क्लोरीन एकत्र आलं की विषारी वायू. टीसीएल आणि टीसीसीए एकाच डब्यात किंवा फ्लोटरमध्ये गेले तर पेट घेऊ शकतात, स्फोटही होतो. डबाही एक नको आणि मापही एक नको. काकांना हे तोंडी सांगू नका, भिंतीवर खडूने लिहा.

आणि तळाची जाळी दिसेपर्यंत एकालाही उतरू देऊ नका. गढूळ पाण्यात बुडालेलं पोर काठावरच्याला दिसत नाही.

माळावरचा_वाडा
नऊ दिवसांनी अपडेट. अ‍ॅसिड तीन हप्त्यांत १२०० मिली गेलं, पीएच ७.५. गॅसकेट फाटलेलंच होतं, बदललं. दुसऱ्या दिवशी तिसरी पायरी दिसली, चौथ्या दिवशी तळाचा अंदाज. शेवटचा धूसरपणा हटेना म्हणून बटव्यातल्या आजींचा मान ठेवला: दीड किलो तुरटी विरघळवून टाकली, दोन तास फिरवली आणि रात्रभर पंप बंद. सकाळी तळाशी राखाडी कापूस. पंपवाल्यांनी कळवल्याप्रमाणे हँडल वेस्टवर ठेवून व्हॅक्यूमने हळूहळू ओढला. चार इंच पाणी गेलं, तेवढं बोअरने भरलं. अल्कलिनिटी आता १४०.

आज जाळी तर दिसतेच, शेजारी पडलेली केसांची पिनही दिसतेय. धुळवडीचीच असावी.

बटव्यातली_आजी
बघा! वेळ चुकली होती म्हणे.

पंपवाला_पुणे
पिन आजच काढा. लोखंडी असेल तर टाइलवर गंजाचा डाग बसेल आणि पुढचा धागा त्याचा काढाल.