प्रतिसाद : थर्मोकपल नसलेल्या चॅनेलचं तापमान

परभणीकर दादा विचारतात, अणुवीज रिअॅक्टरच्या प्रत्येक चॅनेलला (इंधन ठेवायची अन् ते थंड करणारा वायू किंवा पाणी वाहायची नळी) थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) नसेल तर बाकीच्यांचं तापमान काय अंदाजपंचे धरतात? अंदाजच, पण हिशोबातला.

ब्रिटनचे जुने, वायूनं थंड होणारे मॅग्नॉक्स रिअॅक्टर घ्या. वेल्समधल्या वायल्फा अणुवीज केंद्राच्या (२०१५ मध्ये बंद झालं) एकेका रिअॅक्टरमध्ये ६१५६ चॅनेल होते, थर्मोकपल त्यातल्या काहींनाच. आपल्याकडं नाही का, महसूल मंडळात पर्जन्यमापक एका गावात अन् पीकविम्याचा हिशोब सगळ्या गावांचा! (पाऊस बांधावर थांबतो, हे मराठवाड्याला वेगळं सांगायला नको.) रिअॅक्टरमध्येही तीच गत. चिकटून असलेल्या दोन चॅनेलांपैकी एकात इंधन नवंकोरं, दुसऱ्यात काही वर्षं वापरलेलं. मग उष्णता सारखी कशी निघेल? म्हणून नुसती शेजाऱ्यांची सरासरी चालत नाही. इंधन किती जुनं, कंट्रोल रॉड (अणुक्रिया आवरणारा दांडा) जवळ आहे का, चॅनेल कडेला की मध्ये, हे आधी गणिती मॉडेलमध्ये घालायचं. मॉडेलचा आकडा अन् मोजलेलं तापमान यांत उरलेल्या फरकापुरते शेजारी कामाला येतात. क्रिगिंग याच जातीची पद्धत. तिचा पाया डॅनी क्रिगे यांनी १९५१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींसाठी घातला.

चर्चेत एक मुद्दा सुटला, अन् माझ्या मते तोच खरा. असे अंदाज सरासरीकडं झुकतात. सुरक्षेला सरासरी नको, सगळ्यात तापलेलं चॅनेल हवं! म्हणून अंदाजासोबत तो किती चुकू शकतो हेही धरावंच लागतं. हजारो चॅनेलांत एखादं तरी अंदाजाच्या बरंच वर जाणार.

तारापूरच्या ३ अन् ४ क्रमांकाच्या युनिटांत प्रत्येकी ३९२ चॅनेल आहेत. तिथंही इंधनाच्या गोळीच्या गाभ्यातलं तापमान गणितानंच काढतात.