मदत हवी आहे: ब्रेकचं काम केल्यापासून पेडल मऊ लागतं आणि पुढून आवाज येतो

नमस्कार मंडळी. मी दिग्रस तालुक्यातला, जिल्हा यवतमाळ. गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही.

पुढचं डावं कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) जाम झालं होतं, त्यामुळे ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढायची. सामान यवतमाळहून आणलं आणि इथल्या मिस्त्रींकडून पुढची दोन्ही कॅलिपर, पॅड, डिस्क आणि मागचे लायनर बदलून घेतले. ओढणं थांबलं. पण आता दोन नवीन गोष्टी सुरू झाल्या आहेत.

पहिली पेडलची. पहिल्या दाबाला ते अर्ध्याच्याही खाली जातं आणि पायाला स्पंज दाबल्यासारखं लागतं. लगेच पुन्हा दाबलं की वर येतं, बऱ्यापैकी कडकही होतं. थोडं थांबलं की परत तसंच मऊ. डबीतलं ब्रेक ऑइल कमी होत नाही, चाकांच्या आतल्या बाजूला कुठे ओल नाही. मिस्त्रींनी ब्रेकच्या नळ्यांतली हवा पुन्हा काढून दिली, फरक पडला नाही. ते म्हणतात, नवं सामान आहे, चालवा, बसेल.

दुसरी आवाजाची. हळू चालवताना पुढच्या डाव्या चाकातून किर्र किर्र येतं आणि ब्रेकवर पाय ठेवला की थांबतं. शिवाय रिव्हर्स घेऊन पुन्हा पुढे निघताना पहिल्या ब्रेकला मोठा ‘टक’ होतो.

आवाज चालवून चालवून जाईल हे एक वेळ मान्य करतो, पण पेडल आपोआप ‘बसेल’ हे मनाला पटत नाही. बाबांना डायलिसिससाठी यवतमाळला न्यावं लागतं. परतताना हमखास अंधार होतो, आणि या रस्त्यावर संध्याकाळी रोही (नीलगायी) शेतातून उडी मारून थेट समोर येतात. तिथे दुसऱ्यांदा पेडल दाबायला वेळ मिळत नाही. सध्या गाडी उभी केली आहे आणि शेजारच्यांच्या गाडीने बाबांना नेतो, पण असं किती दिवस चालणार?

हवा राहिली आहे, मास्टर सिलिंडर (पेडलच्या दाबाने ऑइल चाकांकडे ढकलणारा) गेला आहे की मागचे लायनर सैल आहेत, हे घरच्या घरी ओळखता येतं का? जॅक, पाने आणि मदतीला एक माणूस आहे.

उत्तर, परतवाड्याहून

भाऊ, गाडी उभी केली ते बेस केलं. मी बरीच वर्षं परतवाडा–चिखलदरा घाटात काळी-पिवळी चालवली, पेडलचा भरवसा नसला तर मी सवारी घेतच नव्हतो. पॅड नवीन असले की पहिले शे-दोनशे किलोमीटर पकड कमी राहते, ते खरं. पण पेडल खाली जाणं वेगळी गोष्ट हाय. त्याले ‘बसेल’ म्हणून सोडू नका.

आता तपासा. सपाट जागी, चाकांमागे दगड लावून. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा म्हणजे बूस्टरमधला (पायाच्या जोराले मदत करणारा डबा) व्हॅक्यूम संपते. मंग पाय जोरानं दाबून तसाच धरून ठेवा. पेडल हळूहळू खाली सरकत गेलं तर मास्टर सिलिंडरचं रबर आतल्या आत ऑइल सोडून राह्यलं, नाहीतर कुठंतरी गळती हाय. जागेवर थांबलं तर तो सध्या बरा समजा. हे इंजिन चालू ठेवून करू नका. बूस्टरच्या जोरानं पेडल थोडं खाली जातेच, अन् माणूस उगाच चांगला सिलिंडर बदलून टाकते.

दुसरं. हँडब्रेक दोन-तीन खटके वर घ्या अन् मंग पेडल दाबा. पेडल वर आलं तर मागचे लायनर ड्रमपासून दूर हायेत. नवे लायनर टाकून ॲडजस्टर (लायनर ड्रमजवळ आणणारा स्क्रू) फिरवला नसला की हे होतेच, अन् पंप केल्यावर पेडल वर येणं त्याच्यातही दिसते. फरक एवढाच की लायनर सैल असले तर पेडल खाली जाऊन टणक लागते, हवा असली तर पूर्ण वाटभर मऊ लागते. तुमचं वाचून मले दोन्ही एकदमच दिसून राह्यले.

उत्तर, वर्ध्याहून

वरच्या दादांशी सहमत. मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकवते, म्हणून एक गोष्ट आधी बघायला सांगते. पुढची दोन्ही चाकं काढा आणि हवा काढायचा निप्पल कॅलिपरच्या वरच्या टोकाला आहे की खालच्या, ते पाहा.

बऱ्याच गाड्यांत डावं-उजवं कॅलिपर एकमेकांच्या जागी सहज बसतं, बोल्टसुद्धा नीट लागतात. पण मग निप्पल खाली येतो. हवा वर चढते, निप्पल तळाशी, त्यामुळे बाटलीभर ऑइल घातलं तरी वर अडकलेला बुडबुडा तिथेच राहतो. पुन्हा हवा काढूनही फरक पडला नाही, हे वाचून माझी पहिली शंका हीच.

तसं असेल तर कॅलिपर अदलाबदल करताना होजच्या बोल्टाखालचे तांब्याचे वॉशर नवे घ्या, जुने पुन्हा वापरू नका. हवा काढताना एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निप्पल उघडून बंद करायचा आणि ‘बंद’ म्हटल्याशिवाय पेडल सोडायचं नाही. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टन कधी न गेलेल्या तळापर्यंत गेला की तिथल्या गंजाने रबर फाटतं. चाकांचा क्रम मॅन्युअलमध्ये बघा. मॅन्युअल नसेल तर साधारण सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करतात. आपल्याकडे ते मागचं डावं.

ऑइल झाकणावर लिहिलेलंच घ्या, सीलबंद बाटलीतलं. दुकानात पावसाळाभर अर्धी उघडी पडलेली बाटली नको. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ दर्जाचं ऑइल कोरडं असताना किमान २३० अंशाला उकळतं, ठराविक पाणी शोषल्यावर ती किमान मर्यादा १५५ वर येते. घाटात ब्रेक तापल्यावर पेडल अचानक मऊ पडतं ते यामुळेच. डबीत इंजिन ऑइल किंवा दुसरं कुठलंही तेल एक थेंबही जाऊ देऊ नका, सगळे रबर फुगतात.

मूळ प्रश्नकर्ता

ताई, तुमचा अंदाज अगदी बरोबर निघाला. दोन्ही निप्पल खालीच होते! मिस्त्रींना बोलावून दाखवलं, त्यांनी काहीही वाद न घालता स्वतः बदलून दिलं. नवे वॉशर टाकले, सीलबंद ऑइल घेतलं, ठोकळा ठेवून हवा काढली. पुढच्या दोन्ही बाजूंनी इतके बुडबुडे आले की बघत राहिलो. मऊपणा गेला.

दादा, हँडब्रेकची तपासणी तुम्ही सांगितली तशीच आली, पेडल लगेच वर. ड्रम काढून ॲडजस्टर फिरवला, चाक हाताने फिरवताना लायनर अगदी हलकासा घासेल इतका. आता पेडल खूप वर आहे.

किर्र मात्र डावीकडे अजून आहे, आणि ‘टक’ही.

उत्तर, वर्ध्याहून

‘टक’ आधी बघा, कारण त्यात धोका असू शकतो. कॅलिपरचे आणि ब्रॅकेटचे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळलेले आहेत ना? ते पक्के असतील तर पॅडच्या दोन्ही टोकांना पातळ स्टीलच्या क्लिपा आहेत का पाहा. नवीन पॅड टाकताना जुन्या क्लिपा बऱ्याचदा फेकल्या जातात. मग पॅड ब्रॅकेटमध्ये मागे-पुढे सरकतो आणि दिशा बदलली की आपटतो. ब्रेक दाबल्यावर किर्र थांबतं, म्हणजे मोकळा पॅड थरथरतोय असंच वाटतं. पॅडची झीज दाखवणारी पत्ती वाकून डिस्कला लागते का तेही बघा. कॅलिपर ज्यांवर सरकतं त्या सरक-पिनांना ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस लावा. चाकाच्या बेअरिंगचं साधं ग्रीस नको, त्याने पिनेचं रबर फुगतं आणि तुमचं कॅलिपर पुन्हा जाम होईल.

मूळ प्रश्नकर्ता

डाव्या बाजूला एकही क्लिप नव्हती, उजवीकडे दोन होत्या. पूर्ण सेट मागवून बसवला. किर्र बंद, टकही बंद. बोल्ट पक्के आहेत.

पण एक प्रश्न उरला. इंजिन बंद ठेवून, व्हॅक्यूम संपवून पेडल जोरात दाबून धरलं, तर मिनिटभरात ते बोटभर खाली सरकतं. आधी हवेमुळे हे नीट कळत नव्हतं. बाहेर कुठेही ओल नाही, बूस्टरच्या तोंडाशीही नाही. नुसतं रबर किट टाकू की पूर्ण मास्टर सिलिंडर? किट स्वस्त आहे, म्हणून विचारतो.

उत्तर, परतवाड्याहून

पूर्ण सिलिंडर टाका, भाऊ. आतली भिंत गंजली असली तर नवं रबरही टिकत नाही, अन् ते गावात बसून कळत नाही. नवा सिलिंडर गाडीवर चढवायच्या आधी बाकावर धरून त्याच्यातली हवा काढून घ्या, नाहीतर पुन्हा तेच मऊ पेडल. तवरक बाबांले शेजारच्या गाडीनंच न्या. सिलिंडर बसला की आधी रिकाम्या रस्त्यावर एकट्यानं चालवून पाहा. पन्नासच्या वेगावरून दहापर्यंत हळूहळू कमी करा, पूर्ण थांबू नका, मधात डिस्क गार होऊ द्या. असं आठ-दहा वेळा झालं की पॅड बसतीन.

मूळ प्रश्नकर्ता

ठीक आहे दादा, पूर्णच टाकतो. यवतमाळच्या दुकानात सांगून ठेवलं आहे. बसवल्यावर हीच दाबून धरायची तपासणी पुन्हा करून इथे लिहितो.