शाळेतली दादागिरी आणि आपली लेकरं : नागपूरकरांनो, अनुभव सांगा

जूनअखेर आपल्याकडच्या शाळा उघडल्या की डबा हिसकणं, चिडवणं, "घरी सांगितलं तर पाहून घेईन" हेही सुरू होतं. तुमचं लेकरू याला कसं सामोरं गेलं? मुलांची, शाळांची नावं टाळून लिहा.

इतवारीची आई
माझी लेक पाचवीत, सावळी, माझ्यासारखी. पोळा जवळ आला की वर्गातले पोट्टे तिला पाहून ओरडायचे, "घेऊन जा गे मारबत!" (मारबत म्हणजे तान्ह्या पोळ्याला मिरवत नेऊन जाळतात तो पुतळा.) टीचरना वाटे, सणाची मज्जा करून राहिले. घरी ती काही बोलली नाही. डबा तसाच परत यायचा आणि न्हाणीतला साबण भराभर संपायचा. साबणाचं कोडं मला फार उशिरा उलगडलं.

तान्ह्या पोळ्याला मिरवणूक बघताना आजी तिला सांगत होती की काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. रोगराई, वाईट चालीरीती गावाबाहेर न्यायला. पोरीने ते बरोबर उचललं. पुढच्या वेळी ओरडले तशी समोर जाऊन म्हणाली, "हो, आहे मी मारबत. पहिले तुलेच नेते, चल." वर्ग हसला, या वेळी त्याच्यावर.

दोन दिवस शांतता, मग त्यांनी दुसरं नाव काढलं. तेव्हा ती टीचरकडे गेली. रडत रडत, पण चौघांचीही नावं सांगून आली. मला त्या टोल्यापेक्षा हे मोठं वाटतं.

मानेवाड्याचे बाबा
ताई, हजरजबाबी लेकरं सगळ्यांच्या घरी नसतात. आमचा बोलताना अडखळतो, 'प' वर हमखास. ऑटोतली मोठी पोरं त्याला रोज "पोहे म्हण, पोहे" करायची आणि मागे दप्तरांच्या ढिगावर बसवायची. त्याने रफ वहीचं पान फाडून सगळं लिहिलं आणि क्लासटीचरच्या टेबलावर ठेवलं. खाली सही, तारीख! आता तो पुढे, ऑटोवाल्या काकांजवळ बसतो. ती पोरं त्याच्याशी बोलत नाहीत. चालते.

निवृत्त बाई
"तूही दोन ठेवून दे" असं कृपा करून शिकवू नका. शाळेला दुसरी थापड दिसते, पहिली नाही. त्या मुलाने लिहून दिलं ते उत्तम. आईबाबांनीही लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी, तोंडी तक्रार हवेत जाते. २०२२ च्या शासन निर्णयानुसार शाळेत मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी, तिची चौकशी करा. आणि १०९८ हा चाइल्डलाइनचा, मुलांच्या मदतीचा नंबर मुलांना पाठ करून द्या. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मूल स्वतः लावू शकतं.

धरमपेठ, आता अकरावी
मला धीरबीर काही आला नव्हता. आठवीत वर्गातली एक मुलगी सुट्टीत माझ्या बाकावर येऊन डबा उघडून बसायला लागली, बस. दोघांचा डबा कोणी हिसकला नाही.

हुडकेश्वर
व्हॅनमधला त्रास असेल तर? शाळा म्हणते, गेटबाहेरचं आमच्याकडे नाही.

निवृत्त बाई
असं कसं नाही! २०११ च्या स्कूलबस नियमांनुसार शाळेत परिवहन समिती असते, अध्यक्ष मुख्याध्यापकच. अर्ज त्यांच्याच नावाने द्या.