व्हॅनचा डॅशबोर्ड घरी उघडलाय का? अनुभव लिहा

व्हॅनमध्ये बिछाना, ओटा, जादा बॅटरी बसवून फिरणारी मंडळी सुतारकामाबद्दल भरभरून लिहितात. डॅशबोर्डचा विषय निघाला की मात्र सगळे गॅरेजचा रस्ता दाखवतात. मला वाटतं, हे काम घरी जमण्यासारखं आहे. ज्यांनी स्वतः उघडलाय त्यांनी जरूर लिहा : गाडी कोणती, बिघाड काय होता, अडलं कुठे.

सुरुवात मी करतो. गाडी बाबांची मारुती ओम्नी. वेगाचा काटा थरथरायचा आणि मीटरमागून कटकट आवाज यायचा. मीटरचं झाकण स्क्रूवर असतं, ते सोपं. पण मीटर लगेच पुढे ओढायचं नाही, कारण गिअरबॉक्सकडून आलेली केबल त्याला मागून जोडलेली असते. मागे हात घालून आधी ती सोडवली. आतली तार बाहेर काढली तर ग्रीस वाळून डिंकासारखं चिकट झालेलं. तार पुसली, नवं ग्रीस हलक्या हाताने लावलं. वरच्या टोकाला ते थापायचं नाही, नाहीतर मीटरमध्ये चढतं. काटा आता स्थिर आहे.

*

म्यूनिकहून लिहितोय. आमची फोक्सवॅगन टी3 आहे, इंजिन मागे असलेली जुनी. हिवाळ्यात पुढचा पंखा करकरायला लागला. या गाडीत हीटरचा डबा डॅशबोर्डच्या पोटात असतो, त्यामुळे पंख्यापर्यंत पोचायला अख्खा डॅशबोर्ड बाहेर काढावा लागतो.

सगळ्यात नाजूक गोष्ट मीटरच्या पाठीवर आहे. तिथे वायरींऐवजी प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यावर तांब्याच्या पट्ट्या आहेत. जुना पापुद्रा कडक होतो, आणि सॉकेट तिरकं ओढलं की फाटतो. मी सॉकेट दोन्ही बाजूंनी धरून सरळ मागे घेतलं. प्रत्येक वायर सुटण्याआधी फोटो, आणि तिच्यावर कागदी टेपची चिठ्ठी. स्क्रू ज्या भागाचे, त्याच भागाला टेपने चिकटवले. डबा उघडलाच होता, म्हणून झडपांचा कुजलेला फोमही बदलला. पुन्हा एवढं सगळं कोण काढणार?

जोर लावावासा वाटला की मी थांबतो. भाग हलत नाही म्हणजे कुठेतरी एखादा स्क्रू राहिलाय. तो बहुधा ॲशट्रेमागे किंवा एखाद्या खोट्या बटणाखाली सापडतो.

*

बर्मिंगहॅम, फियाट डुकाटोवरची कॅम्पर, म्हणजे राहायची सोय केलेली व्हॅन. पंखा फक्त शेवटच्या नंबरवर फिरायचा. हे लक्षण दिसलं तर आधी रेझिस्टर बघा. खालचे वेग त्याच्यातून जातात, शेवटच्या नंबरला वीज थेट मोटरला मिळते. तो हवेच्या मार्गातच बसवलेला असतो, वाऱ्याने थंड राहावा म्हणून. वरचा डॅशबोर्ड काढायची गरज पडली नाही. नवा बसवण्याआधी दोन गोष्टी पाहिल्या : सॉकेट वितळलंय का आणि पंखा हाताने मोकळा फिरतो का. जड फिरणारी मोटर जास्त करंट ओढते आणि नवा रेझिस्टरही जाळते.

*

नाशिकहून, वायरिंगचं काम करतो. कॅम्परमध्ये दोन बॅटऱ्या असतात हे विसरू नका. इंजिनची बॅटरी सोडवली तरी मागच्या बॅटरीवरून आलेली एखादी वायर डॅशबोर्डमध्ये जिवंत असू शकते. सोलर असेल तर आधी सोलर पॅनलची वायर सोडवा, मग बॅटरीची. एअरबॅग असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून कंपनीच्या पुस्तकात दिलाय तेवढा वेळ थांबा. एअरबॅगच्या पिवळ्या सॉकेटला मल्टिमीटर लावायचा नाही.

*

पणजी. आमच्या जुन्या ट्रॅव्हलरमध्ये हेडलाइट लावले की डिझेलचा काटा सरकायचा. सगळ्यांनी टाकीतल्या फ्लोटवर, म्हणजे डिझेलची पातळी दाखवणाऱ्या तरंगत्या भागावर, बोट ठेवलं. मी खालचं पॅनल काढून आत टॉर्च मारला, तर अर्थिंगच्या बोल्टवर हिरवी बुरशी. खारी हवा! पत्र्यापर्यंत घासून स्वच्छ केलं, वायरीच्या टोकाला नवा लग (बोल्टात अडकणारी धातूची कडी) बसवला, वर व्हॅसलीन लावलं. काटा जागेवर आला. समुद्राजवळ राहणाऱ्यांनो, महागडे पार्ट मागवण्याआधी अर्थिंग तपासाच.

*

पॅनल उघडण्याआधी क्लिपा मागवून ठेवा, जुन्या तुटतातच. थंडीत प्लास्टिकला हेअर ड्रायरची थोडी ऊब द्या. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरऐवजी प्लास्टिकची पट्टी वापरा.

*

माझ्या व्हॅनच्या काचेवर आतून तेलकट वाफ धरते, गोडसर वास येतो, पायाशी ओल आहे. हीटरची जाळी (जिच्यातून इंजिनचं गरम कूलंट फिरतं ती) गळतेय असं दिसतं. कुणी ती बदलली आहे का? कूलंट पूर्ण काढलं, की फक्त दोन्ही होज चिमट्याने दाबून काम झालं? घरात कुत्रा आहे आणि कूलंट विषारी असतं, म्हणून सांडू न देता कसं करायचं तेही लिहा.