पिल्लं सोडली, पण कापणीचं काय?

पिंजऱ्यात पिल्लं वाढवून रानात सोडली की पुढचं निसर्ग बघून घेतो, असं बरेच जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. राजस्थानात जैसलमेरच्या प्रजनन केंद्रांत माळढोक या दुर्मिळ पक्ष्याची पिल्लं होतायत ही मोठीच गोष्ट आहे. पण पक्षी शेतात राहणारा असेल तर शेवटी गाठ शेतकऱ्याच्या विळ्याशी, आता तर यंत्राशी. इंग्लंडमधल्या कॉर्नक्रेकचं उदाहरण घ्या. गवतात दडून राहणारा, लाव्यापेक्षा थोडा मोठा पक्षी. व्हिप्सनेड प्राणिसंग्रहालयात पिल्लं वाढवून 2003 पासून नीन नदीकाठच्या कुरणांत सोडायला लागले. हिवाळ्यात ती पार आफ्रिकेला जातात, म्हणजे परत किती येणार हा जुगारच.

स्कॉटलंडमध्ये मात्र हे पक्षी टिकले, त्यात मोठा वाटा कापणीच्या पद्धतीचा. गवत उशिरा कापायचं आणि कडेकडून आत न जाता मधून सुरुवात करून बाहेर यायचं. त्यासाठी शेतकऱ्याला पैसे मिळतात. कारण साधं आहे, पिल्लं उघड्यावर पळत नाहीत, उभ्या गवतात सरकत राहतात आणि शेवटी मधल्या तुकड्यात सापडतात. आमच्या कोल्हापूरकडं हे सांगायलाच नको. ऊसतोडीत शेवटचा पट्टा उरला की पोरं काठ्या आणि कुत्री घेऊन कडेला उभी असतात. ससा, तित्तर, जे निघेल ते. पण कारखान्याची तोड आली की उद्या कापतो म्हणायची सोय शेतकऱ्याला नसते, तेव्हा इथं ती पद्धत गवताच्या पडीक रानांवर आधी करून बघावी, उसात नको.