शब्दचर्चा : बांबू, वेळू आणि वासा

प्रश्न : ‘बांबू’ हा शब्द संस्कृत ‘वंश’पासून हिंदी ‘बाँस’मार्गे मराठीत आला, असे विधान वरचेवर वाचनात येते. ते बरोबर आहे का? तसेच ‘वेळू’ आणि ‘बांबू’ यांच्या वापरात काही भेद पाळावा का?

उत्तर : ते विधान बरोबर नाही. ‘बाँस’ आणि ‘बांबू’ यांचा आरंभ सारखा ऐकू येतो, एवढ्याच आधारावर हे नाते जुळवले गेले आहे. ‘वंश’मधील ‘व’चा ‘ब’ आणि ‘श’चा ‘स’ होऊन ‘बाँस’ सहज सिद्ध होतो. पण त्याच ‘श’चा पुढे ‘ब’ व्हावा असा कोणताही ध्वनिनियम नाही. ‘बांबू’चे मूळ काही कोशकार मलय भाषेत, तर काही कन्नडमध्ये शोधतात. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आणि डच यांच्यामार्फत तो युरोपात गेला, एवढे निश्चित. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला; त्यात वंशलोचनाची, म्हणजे बांबूच्या पेरांत साठणाऱ्या औषधी पदार्थाची, माहिती देताना, येथील लोक या वनस्पतीला ‘मांबू’ म्हणतात, अशी नोंद आहे. पुढे स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने १७५३ मध्ये ‘अरुंडो बांबोस’ असे नाव योजले आणि नंतर ‘बांबुसा’ ही प्रजाती निश्चित झाल्यावर हा शब्द शास्त्राच्या परिभाषेत कायमचा स्थिरावला.

मग ‘वंश’चे मराठीत काय झाले? तो आपल्या डोक्यावरच, घराच्या छपरात आहे. ‘वासा’ हा ‘वंश’चाच तद्भव. ‘खाल्ल्या घरचे वासे मोजणे’ किंवा ‘घर फिरले की घराचे वासेही फिरतात’ असे म्हणताना आपण तोच प्राचीन शब्द उच्चारत असतो. मराठीने येथे मूळचा ‘व’ राखला आहे. म्हणूनच ‘बासरी’ हा ‘ब’ने सुरू होणारा शब्द उत्तरेकडून आलेला दिसतो. ‘वंश’चा कुळ हा अर्थ एका पेरातून दुसरे पेर निघत जाते या साम्यावरून आला, असे स्पष्टीकरण दिले जाते, आणि मला ते पटते, कारण ‘पृष्ठवंश’ या शब्दात मणक्यांची सांधलेली ओळ तशीच डोळ्यांपुढे उभी राहते.

अमरकोश या संस्कृत शब्दकोशातील ‘वंश’चे पर्याय तर मुळातून वाचावेत असे आहेत. ‘शतपर्वा’ म्हणजे शंभर पेरांचा. ‘त्वक्सार’ म्हणजे ज्याचे सत्त्व सालीत आहे असा. आत पोकळ आणि बाहेर चिवट अशा वनस्पतीचे याहून नेमके वर्णन मला माहीत नाही. वाऱ्याने ज्यांच्यातून आवाज निघतो त्या वेळूंना ‘कीचक’ असे वेगळे नाव आहे. ‘मस्कर’ हाही वेळूच, आणि ‘मस्करी’ म्हणजे परिव्राजक, अर्थात भटका संन्यासी, असे दोन्ही शब्द पाणिनीने एकाच सूत्रात साधले आहेत. ‘तृणध्वज’ या नावात तर ही वनस्पती गवत आहे हे स्पष्टच सांगितले आहे. याउलट १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने वृक्षाच्या व्याख्येत बांबूचा समावेश केला होता. २०१७ च्या दुरुस्तीने तो त्या व्याख्येतून वगळला गेला, आणि वनक्षेत्राबाहेर वाढवलेला बांबू तोडण्या-नेण्यासाठी लागणारी परवानगी त्यामुळे अनावश्यक ठरली.

आता ‘वेळू’. हा संस्कृत ‘वेणु’चा तद्भव, पालीतही ‘वेळु’ हेच रूप आहे, आणि मगधाचा राजा बिंबिसार याने बुद्धाला दिलेल्या राजगृहाच्या वनाचे नाव ‘वेळुवन’ होते. माझ्या मते उभ्या, जिवंत वनस्पतीला ‘वेळू’ म्हणावे आणि तोडून कामात घेतलेल्या काठीला ‘बांबू’. वेळूचे बन असते, परांची मात्र बांबूंची बांधली जाते. हा काही नियम नव्हे, कारण ‘बांबूचे बेट’ हा प्रयोगही रूढ आहे. ‘कळक’, ‘चिवा’, ‘माणगा’ ही नावे मात्र सरसकट पर्याय म्हणून वापरू नयेत. त्यांतील काही विशिष्ट जातींची आहेत आणि प्रदेशानुसार त्यांचा रोख बदलतो. बांबू उभा चिरून काढलेल्या पट्टीला ‘कामटी’ म्हणतात. तेथे ‘बांबूची पट्टी’ लिहिणे म्हणजे हाताशी असलेला नेमका शब्द टाकून देणे होय. ‘बांबू बसणे’ हा जबर नुकसान होणे या अर्थाचा प्रयोग बोलण्यापुरताच ठेवावा.

पुरवणी, लेखनाविषयी : ‘बांबू’ आणि ‘वेळू’ दोन्ही पुल्लिंगी असून दोन्हींचा ऊकार दीर्घ आहे. ‘वेणु’ हा तत्सम शब्द मराठीत एकटा आला तर ‘वेणू’ असा लिहावा, पण समासाच्या आरंभी तो ऱ्हस्वच राहतो, जसे ‘वेणुनाद’.