पंचगंगेच्या रंगीत पाण्यावर पाचटाचा उतारा?

काठावरचा: इचलकरंजीत या आठवड्यात कापडाला कुठला रंग चालू आहे ते पंचगंगेकडे जाणाऱ्या नाल्याकडे बघून कळतं. गेल्या महिन्यात मी भावाच्या रानातलं उसाचं पाचट झाकणबंद डब्यात भाजून कोळसा केला, धुतला, बादलीत भरला आणि वरून नाल्याचं लालभडक पाणी सोडलं. खालून आलं फिक्या चहासारखं. दुसऱ्या खेपेला जवळजवळ नितळ. पाचट फडात पेटवून धूर करण्यापेक्षा प्रत्येक प्रोसेसला, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्याला, कोळशाची टाकी सक्तीची करा, एवढंच माझं म्हणणं.

रंगारी: प्रोसेसच्या लॅबमध्ये 20 वर्षं काढली म्हणून लिहितो. तुमचा रंग मोडला नाही, कोळशाला चिकटला. उद्या तो कोळसा टाकणार कुठे? आणि मोडण्यातही गोम आहे. ॲझो रंग, म्हणजे कापडाच्या रंगांतला एक मोठा गट, त्यातला नायट्रोजनचा जोड तुटला की रंग जातो, पण हवा नसलेल्या टाकीत तुटला तर मागे ॲरोमॅटिक अमाइन्स ही रसायनं राहतात. त्यातली काही कर्करोग करणारी. लाल पाणी दिसलं तर माणूस निदान म्हैस तरी वळवतो.

खोडवा: पाचट फुकट आहे हे कुणी सांगितलं? सरीत कुजवलं की ओल टिकते, तण दबतं. बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, साखर कारखान्याच्या बॉयलरला जातो, चिपाड गुऱ्हाळाच्या चुलवाणाला. घाण प्रोसेसनं करायची, निस्तरायला आमच्या रानातलं न्यायचं, वर त्याला कचरा म्हणायचं!

धिंगरी: रंगारी, हवा नसलेल्या टाकीचं पटलं. पण लाकूड पांढरं कुजवणाऱ्या बुरशीचं काम हवेत चालतं. लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन मोडायला तिच्याकडे लॅकेज, पेरॉक्सिडेज ही विकरं (एन्झाइम्स) असतात. ती फारशी निवड करत नाहीत, म्हणून रंगाचे बरेच रेणूही त्यांच्या तावडीत सापडतात. धिंगरी अळिंबी त्यातलीच. सोयाबीनच्या भुसकटावर दोन-तीन तोडे घेतले की आमच्या अळिंबीच्या पिशव्या उकिरड्यावर. खोडवा, हा तरी कचराच ना?

खोडवा: उकिरड्यावरनं खतात जातो. तो बी आमचाच.

रंगारी: 😄 धिंगरी, प्रोसेसचं पाणी निघतं तेव्हा हाताला चटका बसतो. पीएच 10 च्या वर, म्हणजे पाणी चांगलंच खारट-आंबटाच्या उलट, अल्कलीचं; शिवाय रिॲक्टिव्ह रंग बसवायला ओतलेलं मीठ. लॅकेजला आंबट पाणी मानवतं. म्हणजे आधी गार करा, ॲसिड घाला, मग तुमची पिशवी. मीठ मात्र ना कोळसा घेतो ना बुरशी.

काठावरचा: मिठाचं माझ्या डोक्यातच नव्हतं. मग प्रक्रिया होऊन, गार होऊन आलेल्या पाण्याला शेवटचा हात म्हणून?

रंगारी: तिथे चालेल. पण ते ‘सक्तीची’ मागे घ्या. टाकी दाखवून मीठ नाल्यात सोडणारे मी पाहिलेत.

काठावरचा: घेतलं. भरलेला कोळसा अजून अंगणात पोत्यात पडलाय, त्याचं काय करू?

रंगारी: शेतात टाकू नका, चुलीत तर नकोच. पाऊस यायच्या आत छपराखाली घ्या.